शस्त्रक्रिया फुकट, वाट मात्र विकतची

पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि लेकराच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगतात. आमच्या भागातल्या एका ऊसतोड जोडप्याच्या लेकीची पाचवी यंदाच्या हंगामात रुग्णवाहिकेत झाली. पाटा-वरवंटा मांडायला ना घर होते, ना सुईणबाई. पुढे चालक, मागे डॉक्टर आणि सलाईनला लावलेले एवढेसे लेकरू. आई टाके पडलेल्या अंगाने शेजारी बसलेली. बाप फडावरून निघाला होता, तो परस्पर मुंबईला पोचला.

आम्ही त्यांना भेटलो तेव्हा लेक अकरा दिवसांची होती. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात, काचेच्या पलीकडे. उद्या बारावा, म्हणजे बारशाचा दिवस. पण खाटेवरच्या चिठ्ठीवर नाव नव्हते, ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव, एवढेच. हृदयाची शस्त्रक्रिया व्हायची होती. तारीख मिळालेली नव्हती. बाप म्हणाला, “सायेब, डाक्टर लोक देवावानी हायेत, पैसा मागत न्हाईत. पण आपरेशन फुकट हाय म्हून आमी इथं फुकट ऱ्हातोय व्हय? पाच-सहा दिस झाले, जिन्याखाली झोपायलोय.”

वाचकहो, आजचा हा लेख त्या एका वाक्यावर आहे.

किती लेकरे?

‘असले दुखणे लाखात एखाद्याला,’ असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे साधारण आठ ते नऊ बाळांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो. देशात वर्षाला दोन लाखांहून अधिक अशी बाळे जन्मतात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्यातल्या सुमारे पाचव्या हिश्श्याच्या बाळांना पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा तशाच उपचारांची गरज पडते.

हा हिशेब गावाच्या मापाने मांडू. ज्या जिल्ह्यात वर्षाला चाळीस हजार बाळंतपणे होतात, तिथे साडेतीनशेच्या आसपास बाळे हा दोष घेऊन येणार. त्यातली सत्तरेक अशी, की वेळेत हात लागला नाही तर वर्षाचीही होणार नाहीत. ही लेकरे जातात कुठे? बरीचशी ‘न्यूमोनियाने गेलं’, ‘दूध लागलं’, ‘बाहेरचं झालं’ अशा नावांखाली जातात. काळजाचे नाव कुणी घेतच नाही.

काळजातली चारी

पोटात असताना बाळ श्वास घेत नाही. त्याला प्राणवायू आईच्या रक्तातून वारेवाटे मिळतो. म्हणून त्या काळात रक्त फुप्फुसाला वळसा घालून जावे यासाठी निसर्गाने दोन मोठ्या रक्तवाहिन्यांमध्ये एक छोटी नळी ठेवलेली असते. जन्मानंतर फुप्फुसे कामाला लागली, की पहिल्या दोन-चार दिवसांत ही नळी आपोआप मिटते. पाटाला पाणी लागल्यावर जुनी चारी बुजवावी, तसेच हे.

निरोगी बाळाचे त्याने काही बिघडत नाही. पण काही बाळांच्या हृदयाची रचनाच उलटी असते. या लेकीचे तसेच आहे. तिच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य धमन्यांची अदलाबदल झालेली आहे. शरीराला जायचे शुद्ध रक्त पुन्हा फुप्फुसाकडे आणि अशुद्ध रक्त पुन्हा शरीराकडे फिरते. अशा बाळाचा जीव त्या छोट्या चारीवर आणि आतल्या एखाद्या लहानशा छिद्रावर तगून असतो. चारी बुजली की पाणी तुटले!

सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. बाळ जन्मल्यावर रडते, दूध ओढते, वजनही बरे भरते. दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. आणि घरी आल्यावर नळी मिटायला लागते. या लेकीचे वजन २ किलो ६०० ग्रॅम होते, कुणाला शंका यावी असे काही नव्हते. चौथ्या दिवशी ती दूध तोडायला लागली, ओठ सावळे दिसू लागले. आजी म्हणाली, “थंडी बाधली असंल, शेक द्या.” आजीचा दोष नाही. आजीला जे ठाऊक, तेच ती सांगणार.

एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. असे लेकरू झाले, की बोटे आईकडे वळतात. ग्रहणात बाहेर गेली, विळीवर बसली, पपई खाल्ली. यातल्या कशानेही बाळाच्या हृदयात दोष येत नाही. बहुतेक बाळांत नेमके कारण सापडतच नाही. गरोदरपणाआधीपासूनचा आटोक्यात नसलेला मधुमेह, सुरुवातीच्या महिन्यांत झालेला रुबेला, काही विशिष्ट औषधे, आणि रक्ताच्या नात्यात लग्न यांमुळे धोका वाढतो, एवढे शास्त्र सांगते. मामाच्या पोरीशी लग्न लावणाऱ्या आपल्या मुलखाने शेवटचा मुद्दा कानाआड करू नये.

पहिली गळती : ओळखण्याची

या लेकीला वाचवले असेल, तर पहिल्यांदा गावच्या आशाताईने. सरकारी नियमाने आशाताईने बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे असते. घरी जाऊन बाळ तपासण्याच्या या पद्धतीचा पाया आपल्याच राज्यात, गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या कामातून घातला गेला. आमच्या आशाताई एक दिवस उशिरा, चौथ्या दिवशी पोचल्या. पण त्यांनी हातात घड्याळ धरून श्वास मोजले. मिनिटाला बहात्तर! साठच्या वर गेले की धोका, हे त्यांना पाठ होते. “शेक नगं मामी, गाडी बोलवा,” म्हणाल्या आणि स्वतः फोन लावला.

पण आशाताईच्या घड्याळाआधीच हे कळायला हवे होते. प्रसूतीच्या ठिकाणी बाळ चोवीस तासांचे झाल्यावर उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिजन मोजायचे यंत्र लावायचे. दोन्हीकडे आकडा पंच्याण्णव किंवा वर आणि फरक तीनपेक्षा जास्त नाही, तर ठीक. कमी आला तर पुन्हा मोजायचे. नव्वदच्या खाली आला तर थांबायचेच नाही, हृदयाची सोनोग्राफी करायची. सुई नाही, रक्त नाही, पाच मिनिटांचे काम. याने प्रत्येक दोष सापडतो असे नाही, पण जीवघेण्या दोषांतले पुष्कळसे सापडतात.

हे यंत्र आपल्याला नवीन नाही. २०२० आणि २०२१ मध्ये, कोरोनात, ते गावोगाव फिरले. आज कितीतरी ठिकाणी ते टेबलाच्या खणात धूळ खात पडले आहे. तान्ह्या बाळाला मोठ्यांचा चिमटा चालत नाही, त्याला गुंडाळायचा छोटा पट्टा लागतो. म्हणजे प्रश्न लाखोंच्या यंत्राचा नाही, एका पट्ट्याचा आणि ‘बाळ घरी सोडण्याआधी मोजलेच पाहिजे’ अशा एका सक्त आदेशाचा आहे.

त्याही आधीची एक संधी आहे. गरोदरपणाच्या अठराव्या ते विसाव्या आठवड्यात नीट सोनोग्राफी झाली, तर हृदयाचे पुष्कळसे मोठे दोष तेव्हाच दिसू शकतात. मग बाळंतपणच हृदयाच्या दवाखान्याजवळ करता येते, रुग्णवाहिकेची धावपळ वाचते. पण सोनोग्राफी म्हटली की आपल्याकडे वर्षानुवर्षे एकच प्रश्न विचारला गेला, पोरगा की पोरगी? तो प्रश्न बेकायदा आहे. ‘काळीज नीट आहे का?’ हा प्रश्न कायदेशीर आहे. तो विचारा.

दुसरी गळती : वाटेची

आशाताईने फोन केल्यापासून मुंबईच्या खाटेपर्यंत या लेकीला तीस तास लागले. तालुक्याला गेले, तिथून जिल्ह्याला. जिल्ह्याच्या नवजात कक्षात ऑक्सिजन लावला. ऑक्सिजन देऊनही निळेपणा हटेना, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना काळजाचा संशय आला. पण तान्ह्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करणारा माणूस त्या वेळी तिथे नव्हता. मग विभागाच्या ठिकाणी. तिथे निदान झाले आणि मिटत आलेली नळी उघडी ठेवणारे प्रोस्टाग्लँडिन हे औषध सुरू झाले. मग चारशे किलोमीटरच्या आसपास मुंबई.

या औषधाचे मोल ध्यानात घ्या. बुजत आलेली चारी ते पुन्हा मोकळी करते आणि प्रवासापुरता वेळ विकत घेते. ते थंड ठेवावे लागते, आणि त्याने बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो म्हणून सोबत जाणता माणूस लागतो. ते जिल्ह्यालाच मिळाले असते तर? मुलगी वाचली म्हणून हा प्रश्न विचारता येतो. ज्यांची वाटेत गेली, ते विचारायला येत नाहीत.

तीस तासांतला बराचसा वेळ गाडीत गेला नाही. तो ‘तिकडे खाट आहे का’ हे विचारण्यात गेला. एका ठिकाणी तर, नाव लिहीत नाही, चिठ्ठीवर ‘पुढील उपचारांसाठी’ एवढेच लिहून पाठवले. पुढे म्हणजे कुठे? याला यंत्रणा म्हणायचे की चेंडूफळी?

केरळने यावर तोडगा काढला आहे. २०१७ साली त्यांनी ‘हृद्यम’ नावाची योजना सुरू केली. बाळाच्या हृदयात दोष सापडला की त्याची नोंद संगणकावर होते, तज्ज्ञ कागद पाहून तातडी ठरवतात आणि कोणत्या रुग्णालयात जायचे ते घरच्यांना कळवले जाते. खाट शोधत बापाने फिरायचे नाही, खाटेने बाळाची वाट पाहायची. आपल्याला हे जमणार नाही असे थोडेच आहे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा नारळ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमध्ये फुटला होता.

त्या कार्यक्रमाची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतात. त्यांनी शोधलेल्या मुलांच्या शस्त्रक्रिया झाल्या, हे मान्यच केले पाहिजे. पण आपल्या भागाची गोष्ट वेगळी आहे. दिवाळी झाली की निम्मे गाव फडावर. पथक येते गावात, लेकरू असते कोल्हापूर-सांगलीकडच्या उसाच्या कडेला, कोपीत. आशाताईचे सहा फेरे घराच्या उंबऱ्याला बांधलेले, आणि घराला कुलूप! ही लेक वाचली ती तिची आई बाळंतपणाला माहेरी परतली म्हणून. फडावरच जन्मली असती तर चौथ्या दिवशी श्वास मोजायला कोण येणार होते?

तिसरी गळती : खिशाची

आता पैशाकडे येऊ. शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. १९९७ साली जीवनदायी योजना आली. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. दीड लाखाचे संरक्षण २०२४ पासून कुटुंबाला पाच लाखांपर्यंत गेले आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अटही सुटली. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवण्याची योजना उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून आहे. खारघर आणि नवे रायपूर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयांत तर मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेला पैसेच लागत नाहीत.

मग बाप जिन्याखाली का झोपतो? कारण योजना लेकराची आहे, मायबापांची नाही. मूळ योजनेच्या पॅकेजमध्ये रुग्णाचे जेवण आणि बरे होऊन घरी परतण्याचे एस.टी.चे किंवा रेल्वेचे भाडे धरलेले आहे. मधले दिवस कुणाच्याच वहीत नाहीत. बाळ काचेआड, आई बाहेरच्या बाकड्यावर. दर दोन-तीन तासांनी दूध काढून द्यायचे. टाके ओले, पाय सुजलेले, न्हाणीची सोय नाही. थोरली तीन वर्षांची पोर गावी आजीजवळ, तिने दोन दिवस जेवण सोडले म्हणून फोन.

आणि मुकादम! नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. त्या कोयत्यावर हंगामाआधीच उचल घेतलेली. लेकीच्या काळजाने हा कोयता फडावरून उठवला. एका दिवसाचा खाडा पडला तरी दंड कापला जातो, इथे तर दिवस मोजायची सोय नाही. उचल फिटली नाही की ती पुढच्या हंगामावर चढते. म्हणजे आज मोफत झालेल्या शस्त्रक्रियेचे बिल हे जोडपे पुढची दोन वर्षे ऊस तोडून फेडणार. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

अशा वेळी नातेवाईक शहाणपण शिकवतात. या बापाला एका जवळच्याच माणसाने फोनवर सांगितले, “दुसरी बी पोरगीच हाय. कशाला एवढं कर्ज करायलास? घिऊन ये घरी.” बापाने फोन ठेवला. आम्हाला म्हणाला, “पोरगा असता तं असं म्हनला असता का त्यो?” आम्ही काय उत्तर देणार? उत्तर आपणा सर्वांना ठाऊक आहे.

थांबणे म्हणजे हयगय नव्हे

मायबापांना सगळ्यात जाळते ती वाट पाहणी. ‘डॉक्टर उद्या-उद्या करायलेत’ असे म्हणून वैतागलेले काही जण लेकरू उचलून परत नेतात. तसे कदापि करू नका. या लेकीच्या हृदयात मुंबईला पोचताच नळीवाटे एक फुगा नेऊन आतला मार्ग मोठा केला. त्याने शुद्ध-अशुद्ध रक्त मिसळू लागले आणि थोडी उसंत मिळाली. पण रक्तात जंतुसंसर्ग निघाला. तो आटोक्यात आल्याशिवाय छाती उघडणे धोक्याचे, म्हणून थांबले. दुसऱ्या बाजूने फार थांबूनही चालत नाही. या दोषात हृदयाचा डावा कप्पा काम नसल्याने हळूहळू दुबळा पडतो, म्हणून शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या तीन-चार आठवड्यांत उरकायची असते. डॉक्टर या दोन्ही दोऱ्यांवर तोल धरून उभे असतात. हे मायबापांना त्यांच्या भाषेत, रोज, पाच मिनिटे कुणीतरी सांगायला हवे. त्याला निधी लागत नाही.

आशा धरायला जागाही मोठी आहे. धमन्या अदलून-बदलून जागेवर बसवण्याची ही शस्त्रक्रिया ब्राझीलचे डॉ. आदिब जाटेने यांनी १९७५ साली पहिल्यांदा यशस्वी केली. उपचार न मिळाल्यास अशी बहुतेक बाळे पहिला वाढदिवस पाहत नाहीत. आज चांगल्या केंद्रांत शंभरातली नव्वदहून अधिक वाचतात, शाळेत जातात, धावतात.

मग करायचे काय?

शासन दरबारी मागणी करायची तर मोघम नको. नेमके चार-पाच मुद्दे आहेत. प्रत्येक प्रसूतीच्या ठिकाणी बाळ सोडण्याआधी ऑक्सिजनची तपासणी सक्तीची करा. जिल्हा रुग्णालयात तान्ह्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी आणि प्रोस्टाग्लँडिन ठेवा. खाट शोधण्यासाठी राज्यभर एकच दार, एकच नोंद करा. मोठ्या रुग्णालयांशेजारी बाळंतिणीला अंथरूण आणि न्हाणी मिळेल अशी निवासाची सोय करा. आणि लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने अशा काळातला खाडा भरून द्यावा, फडावर जन्मलेल्या बाळाच्या भेटी तिथल्या आशाताईंकडे सोपवाव्यात, यासाठी आपल्या लोकप्रतिनिधींनी तोंड उघडावे. महामंडळ याच माणसांच्या नावाने आहे.

वाचकहो, आपल्या हातात काय आहे, तेही सांगतो. बाळाचे ओठ किंवा जीभ निळी दिसली, दूध पिताना ते वारंवार थांबू लागले, कपाळाला घाम फुटला, शांत झोपेतही श्वास मिनिटाला साठच्या वर गेले, तर शेक, घुटी, अंगारा यांत एक तासही घालवू नका. १०८ किंवा १०२ ला फोन करा. बाळाला ऊबदार गुंडाळा. निघताना शिधापत्रिका, दोघांची आधार कार्डे आणि बाळाच्या जन्माचा कागद बरोबर घ्या. शिधापत्रिकेत बाळाचे नाव नाही म्हणून घाबरू नका, योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला गाठा. अडले तर १५५३८८ वर विचारा. पाठवणाऱ्या डॉक्टरांना एकच प्रश्न करा, “पुढं फोन करून खाट ठरवली का?”

आणि गावात असे एखादे जोडपे दवाखान्यात अडकले असेल, तर भेटायला जाण्याऐवजी त्यांच्या थोरल्या लेकराला आठ दिवस आपल्या घरी जेवू घाला. शक्य असेल तर मुकादमाशी चार माणसांनी जाऊन बोला. हे आम्ही सुचवत नाही, त्या आईनेच सांगितले.

बाराव्या दिवशी तिथल्या सिस्टरने खाटेजवळच्या वहीत विचारले, “नाव काय लिहू?” आईने नवऱ्याकडे पाहिले. तो म्हणाला, “आपरेशन झाल्यावर ठिवू.” आई म्हणाली, “न्हाई, आजच ठिवायचं. उद्याच्याला काय व्हयील ते व्हयील, लेक बिननावाची नगं.” नाव ठेवले गेले. ते आम्ही इथे छापत नाही. हा मजकूर लिहीपर्यंत शस्त्रक्रिया व्हायची होती, आणि बाप जिन्याखालीच होता.